शेवटचा रकाना

हाचिनोहे बंदरावर बावीस वर्षं
मी म्हाकुल पकडणाऱ्यांचे खांदे सोडवले.
मिठाने ताठरलेले, दोराचे वळ उठलेले खांदे.
सगळा हिशेब रोखीचा:
दुखत होतं, आता दुखत नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी सेंदाईच्या वर्गात नाव घातलं.
दर शनिवारी पांढरी काठी, भाताचा डबा, ब्रेलची जाड वही.
विषय: मूल हवं असलेल्या बायका.
आम्ही अकरा जण. त्यात डोळस दहा.

कुवाबाराबाईंनी पहिल्या दिवशी सुया दिल्याच नाहीत.
प्रत्येकाला तांदळाच्या कोंड्याची एक पिशवी दिली
आणि म्हणाल्या, हिच्यावर हात ठेवा. वाट पाहा.
कसली, असं मागून कुणीतरी विचारलं.
"तेच शिकायचंय."

मग शिकलो.
पाळीचा कुठला दिवस, कुठली जागा, किती खोल.
घोट्याच्या वर चार बोटं, तीन वाटा भेटतात तिथे
या आठवड्यात चालेल,
गर्भ आत ठेवल्यावर मात्र हात आवरायचा.
दवाखान्याचे कागद शेजारची रित्सुए मला वाचून दाखवायची:
अस्तर आठ मिलिमीटर.
आमची सुई शून्य पूर्णांक सोळा.
मी चिमटीत दोन्ही मापं धरून बघायची,
एवढ्याशा जागेत
माणसं किती सामान घेऊन येतात.

आणि एक वाक्य, तोंडी परीक्षेत म्हणावंच लागायचं:
सुई मूल देत नाही.
देते असं जी सांगेल, तिची नळी मी काढून घेईन,
बाई म्हणाल्या.
ती नळी, जी म्हणतात
कधीकाळी एका आंधळ्यानेच शोधली.
सुई तिच्यात सोडायची, वर तर्जनीची टिचकी,
झालं. बघावं लागत नाही.

चिगुसा दर गुरुवारी यायची. एकोणचाळीस वर्षांची,
मासळीच्या डब्यांवर झाकणं बसवणारी.
पाय असे, जसे हिवाळाभर
बर्फाखाली पुरून ठेवलेले मुळे.
पहिले दोन गुरुवार नाडी नुसती धावत होती,
कुणी दार वाजवावं आणि कुणी उघडू नये तशी.
तिसऱ्या गुरुवारी ती घोरली.
उठल्यावर तीनदा माफी मागितली.

घरी सगळे डोळे लावून बसलेत, एकदा म्हणाली.
नवरा, सासू, कारखान्यातली बाकावरची शेजारीण.
त्या एका कामाला मी निरुपयोगी.
म्हणून येत असेल.

फेब्रुवारीत नाही.
जूनमध्ये दोन आठवडे होय,
मग नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी सुया मांडून बसले होते,
येणार नाही असं धरून.
दार वाजलं. चपला काढल्याचा आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.
"आम्ही थांबलो," ती म्हणाली. "आता ते नको."
मग काय करू?
"पाय. फक्त पाय."

तळव्यावर एक जागा आहे, तिचं नाव उसळता झरा.
नाव ठेवणाऱ्याने हिचे पाय पाहिले नसावेत.
दवण्यासारखा वास येतो त्या पाल्याचा, जळताना;
तांदळाच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळून
मी एकामागून एक ठेवत गेले.
सातव्याला अंगठा हलला.
बोललो नाही. बाहेर छतावरून
पाणी गळत होतं एका लयीत,
आणि तिची नाडी, पहिल्यांदाच,
कुठेही निघालेली नव्हती.

वर्षाअखेर वह्या तपासल्या.
शेवटच्या रकान्यात दोनच शब्द चालतात:
राहिलं, नाही राहिलं.
मी टोचलेले ठिपके बाईंना वाचता येईनात,
म्हणून मला उभं केलं. मी बोट फिरवत वाचलं:
पाय गरम.

वर्गात कुणीतरी खोकलं.
बाई बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, किती वेळ राहतात?

घरी पोचेपर्यंत, मी म्हणाले.
बस लांबून जाते.